‘काहीच येत नाही’ हे मला पुन्हा ऐकवू नकोस

बस. आणि आधी ते टर्मिनल बंद कर. त्या काळ्या खिडकीकडे टक लावून बसल्याने आजवर कुणाचा बोर्ड सुरू झालेला नाही.

‘सर, काहीच येत नाही’ म्हणत आलास. मी विचारलं, टीएक्स पिनवर व्होल्टेज किती आहे? पाहिलं नाही. पॉवर दिल्याबरोबर प्रोसेसरच्या रॉमने काही छापलं का? लक्ष दिलं नाही. कार्डावरचा कोड चालतोय की बोर्डावरच्या ईएमएमसीतला? माहीत नाही. मग केलंस तरी काय, असं विचारल्यावर मात्र यादी संपेना. केबल बदलली. बॉड रेट उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्याच बोर्डाचं डिव्हाइस ट्री उचलून चिकटवलं. सिरीयल ड्रायव्हरमधली ‘अडकते आहे असं वाटलं’ ती ओळ कॉमेंट केली. एवढे बदल एका बैठकीत केलेस, आणि एकाही बदलाच्या आधी किंवा नंतर काहीही मोजलं नाहीस. नाडी न बघता पुड्या बांधणाऱ्या वैद्याकडे तू स्वतः कधी गेला असतास का?

सगळ्यात वाईट गोष्ट तर तुझ्या लक्षातही आलेली नाही. परवा स्क्रीनवर कचरा अक्षरं येत होती, हे तूच बोलता बोलता सांगितलंस. काल शांतता झाली. म्हणजे परवा तू उत्तरापासून एका भागाकाराच्या अंतरावर होतास आणि काल तिथून कोसभर मागे आलास. कचरा ही प्रगती होती. तू तिला दोष समजलास आणि घालवून बसलास.

बोर्ड बंद पडला याचा मला राग नाही, बोर्ड बंद पडतातच. शांत कन्सोल हाही पुरावा असतो आणि तो तू वाचला नाहीस, राग त्याचा आहे. बोर्ड सुरू होताना तो टप्प्याटप्प्याने जागा होतो आणि प्रत्येक टप्प्यावरची शांतता वेगळी असते. ती कुठल्या टप्प्यावरची आहे हे ठरवल्याशिवाय कोडच्या एका अक्षरालाही हात लावायचा तुला अधिकार नाही. आता नीट ऐक, आणि वही काढ. मोबाइलवर टिपून घेऊ नकोस.

तुझ्यासमोर बीगलबोन ब्लॅक आहे. २०१३ साली बाजारात आलेला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५८ प्रोसेसरचा बोर्ड. त्याचा सर्किट आराखडा खुला आहे, प्रोसेसरचं हजारो पानांचं मॅन्युअल खुलं आहे, आणि त्यावर चालणाऱ्या यू-बूट या बूटलोडरची ओळन् ओळ खुली आहे. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी २००० च्या सुमारास पॉवरपीसी बोर्डांसाठी पीपीसीबूट वाढवायला घेतलं, २००२ मध्ये त्याचं यू-बूट झालं, आणि २०२२ मध्ये ते वारले तोवर जगभरातल्या असंख्य बोर्डांवर ते पोचलं होतं. इतक्या लोकांनी इतकं लिहून ठेवलेलं असताना ‘माहिती मिळत नाही’ ही सबब मी ऐकून घेणार नाही.

पहिला टप्पा तारेचा. हा तुला कमीपणाचा वाटतो, म्हणून तू तो गाळतोस. जे१ या सहा पिनांच्या हेडरवर पहिली पिन ग्राउंड, चौथी बोर्डाची आरएक्स, पाचवी टीएक्स. पातळी ३.३ व्होल्टची. संगणकाच्या जुन्या नऊ पिनी पोर्टावर आरएस-२३२ असतं. तिथे व्होल्टेज उणे-अधिक दोन्ही बाजूंना जातं आणि तर्कही उलटा असतो. तो पोर्ट थेट इथे जोडलास तर अक्षरं तर येणार नाहीतच, वर पिन जाळून बसशील. बोलणं चालू नसताना टीएक्स पिन वरच राहते. मल्टिमीटर लाव. साधारण ३.३ व्होल्ट दिसले, तर ती पिन युआर्टच्या, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या ब्लॉकच्या, ताब्यात असण्याची शक्यता आहे. शून्याजवळ काही दिसलं, तर पिन अजून युआर्टला दिलेलीच नाही किंवा तू भलत्याच पिनला हात लावला आहेस. हे तपासायला एक मिनिट लागतं. तू त्या मिनिटाची बचत करून रात्र घालवलीस.

मग बोर्ड बाजूला ठेवून यूएसबी अॅडॉप्टरच्या टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोड आणि टर्मिनलमध्ये अक्षर टाइप कर. तेच अक्षर परत आलं, तर अॅडॉप्टर, त्याचा ड्रायव्हर आणि टर्मिनल तिघांवरचा संशय गेला. नाही आलं, तर बोर्ड निर्दोष आहे आणि तू उगाच त्याच्या मागे लागला होतास. मिनिकॉम वापरतोस ना? त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळात चालू असतं. तीन तारांच्या जोडणीत ते चालू राहिलं की बोर्डाचं बोलणं दिसतं, पण तुझी एकही कळ त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग ‘यू-बूट माझं ऐकत नाही’ म्हणून पोरं कीबोर्ड बडवत बसतात. आणखी एक लक्षात ठेव. आरएक्स पिन लोंबकळत सोडलीस तर तिच्यावरचा गोंगाट यू-बूटला कळ दाबल्यासारखा वाटतो, उलटी मोजणी थांबते आणि बोर्ड मध्येच प्रॉम्प्टवर येऊन उभा राहतो. प्रयोगशाळेत केबल जोडलेली असताना सगळं ठीक, गिऱ्हाइकाकडे केबल काढली की बोर्ड चालू होत नाही, अशा तक्रारीचं मूळ कित्येकदा इथेच असतं.

दुसरा टप्पा रॉमचा. तुझा कोड चालू होण्याच्या आधी प्रोसेसरमध्ये कायमचा कोरलेला कोड चालतो आणि तो बूटलोडर शोधतो. बीगलबोन ब्लॅकवर कुठलंही बटण न दाबता पॉवर दिली, तर आधी ईएमएमसी, मग एसडी कार्ड, मग सिरीयल पोर्ट, मग यूएसबी, असा त्याचा क्रम असतो. पहिल्या दोन ठिकाणी त्याला धड काही सापडलं नाही की तो सिरीयल पोर्टवर इंग्रजी ‘सी’ अक्षर छापत बसतो: सी, सी, सी, सी. याचा अर्थ ‘बूटलोडर मला एक्समोडेमने पाठव’. ही ‘सी’ची रांग दिसली की समज: तार बरोबर, बॉड रेट बरोबर, प्रोसेसर जिवंत, रॉम शहाणा. चुकलंय ते फक्त तुझं कार्ड किंवा त्यावरची पहिली फाइल. गेल्या वर्षी एका मुलाने ही अक्षरं पाहून बोर्ड खराब आहे म्हणून परत पाठवायची तयारी केली होती. बोर्ड हात जोडून विचारत होता, आणि याला वाटलं तो बरळतो आहे.

याच क्रमात तुमच्या सगळ्यांच्या पायात पाय घालणारी गोष्ट दडलेली आहे. ईएमएमसी आधी येते. तू कार्डावर नवा कोड टाकतोस, पॉवर देतोस आणि बोर्ड ईएमएमसीतला जुना बूटलोडर चालवतो. मग तू म्हणतोस, ‘सर, मी काहीही बदललं तरी फरकच पडत नाही.’ पडणार कसा, तुझा कोड चाललाच कुठे? एसपीएलची, म्हणजे यू-बूटच्या छोट्या पहिल्या भागाची, ओळ वाच: ‘ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१’ म्हणजे कार्ड, ‘एमएमसी२’ म्हणजे ईएमएमसी. बॅनरमधली बिल्डची तारीख आणि वेळ वाच. ती छापलेलीच तुझ्यासाठी असते. कार्डावरून चालवायचं असेल तर एस२ बटण दाबून धरून पॉवर दे. नुसतं रीसेट दाबून चालत नाही, कारण त्या बटणाची स्थिती पॉवर येतानाच वाचली जाते. जो कोड आपण तपासतो आहोत तोच चालतो आहे, याची खात्री न करता जो डीबगिंग करतो तो काम करत नाही, वेळ काढतो.

तिसरा टप्पा एसपीएलचा, आणि खरी परीक्षा इथे आहे. रॉम तुझ्या हाती देतो ती जेमतेम शंभर किलोबाइटच्या आसपासची आतली मेमरी. बाहेरची डीडीआर अजून झोपलेली आहे. इथे पहिलं अक्षर बाहेर पडायला काय काय लागतं, ते मी तुझ्याकडून एकेक करून वदवून घेणार आहे. युआर्ट ब्लॉकला क्लॉक हवा. या घराण्याच्या प्रोसेसरवर क्लॉक न देता युआर्टच्या रजिस्टरला हात लावलास, तर प्रोसेसर डेटा अॅबॉर्टमध्ये जातो, आणि त्या क्षणी ती कहाणी सांगायलाही कुणी उरत नाही. मग पिन मक्स: तीच पिन अनेक कामं करू शकते, तिला ‘तू आता टीएक्स’ असं सांगावं लागतं. मग या युआर्टमध्ये एमडीआर१ नावाचं रजिस्टर आहे. रीसेटनंतर त्यात ‘बंद’ लिहिलेलं असतं आणि ते १६ पटीच्या मोडमध्ये आणावं लागतं. मग भाजक. त्यानंतर अक्षर. पाच गोष्टी झाल्या. यातली कुठलीही एक चुकली तरी स्क्रीन सारखीच कोरी दिसते. म्हणूनच स्क्रीनकडे पाहून कारण कळत नाही. कारण शोधायला पायरीपायरीने जावं लागतं.

ते कसं जायचं तेही लिहून ठेवलेलं आहे. यू-बूटमध्ये डीबग युआर्ट म्हणून सोय आहे, सायमन ग्लास यांनी लिहिलेली. तिला डिव्हाइस ट्री लागत नाही, ड्रायव्हर मॉडेल लागत नाही, मॅलॉक लागत नाही. स्टॅक असला की पुरे. कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी भरायच्या: युआर्टचा मूळ पत्ता, क्लॉक आणि रजिस्टरांमधलं अंतर. तुझ्या युआर्टचा पत्ता हेक्समध्ये ४४ई०९०००, क्लॉक ४८ मेगाहर्ट्झ, आणि रजिस्टरं चार-चार बाइटांवर असल्यामुळे शिफ्ट २. मूळ १६५५० युआर्टमध्ये लाइन स्टेटस रजिस्टर पाचव्या जागेवर असतं. चारने गुणलं की वीस, म्हणजे हेक्समध्ये १४. शिफ्ट शून्य ठेवलास तर कोड भलतंच रजिस्टर वाचेल, ‘बफर रिकामा झाला’ हा बिट त्याला कधीच सापडणार नाही आणि तो जन्मभर त्याच लूपमध्ये फिरेल. हे तुझ्या कॉन्फिगमध्ये मी आत्ता तपासलं. शिफ्ट बरोबर आहे. क्लॉक मात्र बघ. तू २४ मेगाहर्ट्झ लिहिला आहेस.

कुठून आला हा आकडा? दुसऱ्या कुठल्या तरी बोर्डाच्या फाइलमधून. आता परवाच्या तुझ्या कचऱ्याचा हिशेब माझ्यासमोर कर. भाजक म्हणजे क्लॉक भागिले सोळा, भागिले बॉड रेट. २४ मेगाहर्ट्झ धरून ११५२०० साठी १३ येतो. प्रत्यक्ष क्लॉक ४८ चा, म्हणजे भाजक २६ हवा होता. तू १३ भरलास, म्हणून बोर्ड दुप्पट वेगाने बोलत होता, सेकंदाला सुमारे २,३०,७६९ बिट. टर्मिनल २३०४०० वर ठेवलं असतंस, तर सगळी अक्षरं स्वच्छ वाचता आली असती! स्कोप शेजारच्या टेबलावर धूळ खात पडला आहे. ११५२०० ला एका बिटाची रुंदी ८.६८ मायक्रोसेकंद असते. तुला तिथे ४.३३ दिसली असती आणि दोन मिनिटांत निकाल लागला असता. इंग्रजी ‘यू’ अक्षर एकसारखं पाठव. त्यातले बिट एकाआड एक शून्य आणि एक असल्यामुळे स्कोपवर सरळ चौकोनी लाट दिसते, आणि रुंदी मोजायला लहान मूलसुद्धा पुरतं.

कचरा अक्षरं आली म्हणजे प्रोसेसर चालतो आहे, क्लॉक पोचला आहे, पिन युआर्टला दिलेली आहे, तार शाबूत आहे. फक्त वेगाचा हिशेब चुकला आहे. या चार शुभवार्ता तुला फुकट मिळाल्या होत्या. घेणाऱ्याचा वेग पाठवणाऱ्यापेक्षा दोनेक टक्क्यांहून जास्त मागेपुढे झाला की वाचन धोक्यात येतं, कारण दहाव्या बिटापर्यंत चूक साठत जाते आणि अर्ध्या बिटाच्या पलीकडे गेली की संपलं. आणि दर वेळी दोष बोर्डाचाच असतो असंही नाही. रॉकचिपच्या आरके३३९९ बोर्डांवर कन्सोल सेकंदाला पंधरा लाख बॉडवर असतो. तुझ्या खणातला सीपी२१०२ चा अॅडॉप्टर दहा लाखांच्या पुढे जात नाही. तिथे सेटिंग बरोबर असूनही कचराच येणार. रास्पबेरी पाय ३ वर छोट्या युआर्टचा क्लॉक मूळ कोअर क्लॉकला बांधलेला आहे. तो हलला की बॉड रेट हलतो, आणि म्हणून ‘एनेबल युआर्ट’ची ओळ टाकून तो पक्का करावा लागतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो केबल विकत आणायला बाजारात धावत नाही.

आता कालच्या शांततेचं बघू. यू-बूटमध्ये प्रिंटएफ लिहिला की तो छापला जातोच, अशी तुझी भाबडी समजूत आहे. कन्सोल तयार होण्याआधीचा मजकूर डीबग युआर्ट किंवा प्री-कन्सोल बफर चालू नसेल तर सरळ वाऱ्यावर जातो. बोर्ड इनिट एफ या फंक्शनच्या क्रमात बॅनर छापण्याआधी डिव्हाइस ट्री सापडावं लागतं, सुरुवातीची मॅलॉक उभी राहावी लागते, ड्रायव्हर मॉडेल जागं व्हावं लागतं, सिरीयल ड्रायव्हर मिळावा लागतो. तू दुसऱ्या बोर्डाचं ट्री चिकटवलंस. त्यात तुझा युआर्ट सुरुवातीच्या टप्प्यासाठी खूण केलेला नाही आणि ‘चोझन’ नोडमधला कन्सोलचा मार्ग भलतीकडे जातो. सिरीयल ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून यू-बूट घाबरून थांबलं, आणि ‘ड्रायव्हर मिळाला नाही’ हे सांगायलाही ड्रायव्हरच हवा! ही शांतता तू स्वतःच्या हाताने पेरलीस.

आणि ती बीएसएसची करामत. सुरुवातीच्या कोडमध्ये ‘हे काम झालं का’ लक्षात ठेवायला तू एक स्टॅटिक व्हेरिएबल टाकलं आहेस, आरंभीची किंमत न देता. ते बीएसएसमध्ये, म्हणजे आरंभीची किंमत नसलेल्या व्हेरिएबलांच्या जागेत, जातं. एसपीएलमध्ये बीएसएस बहुतेकदा डीडीआरमध्ये ठेवलेलं असतं, आणि डीडीआर तेव्हा झोपलेली असते. मुख्य यू-बूटमध्ये तर प्रकरण आणखी नाजूक: ३२ बिटी एआरएमच्या बांधणीत रिलोकेशनपूर्वी बीएसएसच्या जागेवर रिलोकेशनच्या नोंदींचा तक्ता बसलेला असतो. तू तुझ्या व्हेरिएबलमध्ये एक लिहिलंस आणि त्या तक्त्यातली एक नोंद पुसलीस. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतं, त्या नोंदी वाचून पत्ते दुरुस्त करतं, आणि मग बऱ्याच वेळाने कुठल्या तरी निष्पाप फंक्शनमध्ये कोसळतं. तू त्या फंक्शनला, मग डीडीआरच्या टायमिंगला दोष देत बसतोस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. या टप्प्यावर काही लक्षात ठेवायचंच असेल तर ग्लोबल डेटाची रचना आहे; ३२ बिटी एआरएमवर तिचा पत्ता आर९ रजिस्टरमध्ये असतो. तुझ्या असेंब्लीने ते रजिस्टर चिरडलं तर पुढचं सगळं चिरडलं, हेही त्याच पानावर लिहून ठेव.

ड्रायव्हरमधली कॉमेंट केलेली ओळ आत्ताच्या आत्ता परत आण. ती ओळ काय करत होती हे वाचलंस का? आधीच्या टप्प्याने युआर्टच्या पोटात टाकलेली अक्षरं पूर्ण बाहेर पडेपर्यंत ती थांबते, आणि मगच भाजकाला हात लावते. ती काढलीस तर एसपीएलची शेवटची अक्षरं अर्ध्यात कापली जाऊन तिथे कचरा येणार. काही मोडक्या प्लॅटफॉर्मवर तो ‘सगळं रिकामं झालं’चा बिट एसपीएलमध्ये काही पाठवायला मिळेपर्यंत चढतच नाही हे खरं आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र कॉन्फिग केलेलं आहे. ज्यांनी ते केलं त्यांनी आधी कारण शोधलं, मग कमिटमध्ये लिहिलं. तू ‘वाटलं म्हणून’ काढलीस. प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी अनुभव असतो. गिट ब्लेम एवढ्यासाठीच आहे. ओळ का आहे हे कळल्याशिवाय ती काढायची नाही, हा या खोलीतला नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे.

पुढचे टप्पे सोपे आहेत, कारण एकदा अक्षर यायला लागलं की शेवटची ओळच पुढचा रस्ता दाखवते. ‘डीरॅम’च्या ओळीनंतर थांबलं, तर रॅम आणि रिलोकेशन संशयित. ‘स्टार्टिंग कर्नल’नंतर थांबलं, तर यू-बूटने आपलं काम बहुधा केलं आहे; कर्नलला अर्लीकॉन दे, कन्सोलचं नाव तपास. या बोर्डावर जुन्या कर्नलमध्ये ते टीटीवायओ० होतं, नव्या ड्रायव्हरमध्ये टीटीवायएस० झालं. तेवढ्या एका अक्षरासाठी लोक दिवस घालवतात. तरीही काही दिसलं नाही, तर सिस्टम मॅपमधून कर्नलच्या लॉग बफरचा पत्ता काढ, पॉवर न काढता रीसेट कर आणि यू-बूटमधून ती मेमरी वाच. रॅममधला मजकूर बऱ्याचदा टिकून असतो. कर्नल बोलत होता, फक्त तोंड बंद होतं.

आणि युआर्टच हाती नसेल तर? तर एलईडी. चार एलईडी बोर्डावर आहेत, जीपीआयओ१ च्या २१ ते २४ या पिनांवर. जीपीआयओलाही क्लॉक द्यायला विसरू नकोस. एक एलईडी पेटला म्हणजे कोड तिथवर पोचला. हे रांगडं वाटेल, पण ‘पोचला’ किंवा ‘नाही पोचला’ असं खणखणीत उत्तर देतं. त्याहून पुढे जायचं तर जेटॅग. या बोर्डावर त्याचा कनेक्टर बसवलेला नसतो, जागा मात्र सोडलेली असते. सोल्डरिंग शिक आणि लाव. प्रोसेसर थांबव, प्रोग्राम काउंटर वाच, कोणत्या लूपमध्ये फिरतोय ते बघ. रिलोकेशननंतर जीडीबीला सिम्बॉलचा नवा पत्ता सांगावा लागतो. न सांगता बॅकट्रेस वाचलास तर तो तुला खोटं सांगेल आणि तू ते खरं मानशील.

हे सगळं मी एवढ्या कडक शब्दांत का सांगतोय? कारण तुला हुशारी कमी नाही. तुझा कोड मी वाचला आहे. तो नीटनेटका आहे. पण तुला घाई आहे, आणि घाईपेक्षा मोठा दोष म्हणजे ‘मला वाटतं’ हे तुला पुराव्याइतकंच वजनदार वाटतं. अॅप्लिकेशन लिहिताना ते एखादवेळ खपून जातं. तिथे लॉग असतात, एरर मेसेज असतात, कुणी तरी तुझी चूक तुला सांगायला असतं. इथे, बूटच्या पहिल्या मिलिसेकंदांत, तुला चूक सांगणारं कुणीही नसतं. इथे तू पेटवलेला एलईडी, तू मोजलेला मायक्रोसेकंद आणि तू वहीत लिहिलेली ओळ एवढेच साक्षीदार. उद्या तू पंपाचा, गाडीचा, दवाखान्यातल्या यंत्राचा बोर्ड सुरू करशील. तिथे एकदा चालला, एकदा नाही, असा बोर्ड ‘परत पॉवर देऊन बघा’ म्हणत पुढे ढकललास तर त्याची किंमत तू मोजणार नाहीस, दुसरं कुणी तरी मोजेल. म्हणून ही सवय आत्ताच मोडायची.

आता ऊठ आणि काम ऐक. सगळे बदल मागे घे, मूळ कोडवर ये. क्लॉकचा आकडा दुरुस्त कर, एवढा एकच बदल, आणि त्याचा स्वतंत्र कमिट कर. प्रत्येक पायरीआधी वहीत दोन ओळी लिही: काय दिसेल असं मला वाटतं, आणि दिसलं नाही तर त्याचा अर्थ काय. मग मोज. मग तिसरी ओळ लिही: प्रत्यक्षात काय दिसलं. उद्या सकाळी ती वही आणि स्कोपवरच्या ‘यू’चा फोटो घेऊन ये. बोर्ड सुरू झाला नाही तरी चालेल. पण तो कुठल्या टप्प्यापर्यंत पोचला हे तुला एका वाक्यात, आकड्यासकट सांगता आलं नाही, तर प्रयोगशाळेची किल्ली मी तुझ्याकडून परत घेईन, आणि ते सांगता येईपर्यंत देणार नाही.